एका गुणासाठी तीन जिने

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात खेळाडूंची यादी मावशी करायच्या. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. मैदानावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नसेल, पण त्यांच्या यादीवाचून कुणाला सामन्यात उतरता येत नसे. नियम साधा होता. मागच्या परीक्षेत पाचपैकी चार विषय सुटलेले हवेत.

एकाचे गुण दुसऱ्याला जायला नकोत म्हणून मावशी रजिस्टरच्या ओळीखाली लाकडी पट्टी धरत. मी त्यांच्या हाताखालची कारकून, गुण वाचायची; त्या नावापुढे खूण करायच्या. एखादं पोर एक-दोन गुणांनी अडकलं, तर गुडघा धरून तीन जिने चढायच्या आणि त्या विषयाच्या सरांना विचारायच्या, "वहीचे गुण चढवायचे राहिलेत का हो?" कधी कधी राहिलेले असतही.

त्या वर्षी यादीत त्यांची भाची होती. आई गेल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेली, चारशे मीटर धावणारी. यादी चार वाजता द्यायची होती आणि मावशींचा दुपारचा चहा तसाच गार पडला होता.

"वाच," त्या म्हणाल्या.

"अर्थशास्त्र, सव्वीस."

"तो गेलाय, माहीत आहे मला. घरी सांगितलंय तिने. पुढे?"

"संख्याशास्त्र..." मी अडखळले. "चौतीस."

पासाला पस्तीस लागत. पट्टी जागची हलली नाही.

दारात खेळाचे सर येरझाऱ्या घालत होते. "मावशी, एक गुण! एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?"

"मागच्या वर्षी त्या गोळाफेकवाल्याला एका गुणावर घरी बसवलं, तेव्हा नाही कोसळलं ते." मावशींनी लाल पेन उचललं.

मला राहवेना. "त्याच्यासाठी तुम्ही वर जाऊन आला होतात. हिच्यासाठी नाही?"

"भाचीसाठी शब्द टाकला म्हणतील लोक."

"शब्द कुठे टाकताय? सगळ्यांसाठी विचारता तेच विचारायचं. तुमची आहे म्हणून तिला परक्याहून कमी का?"

पेन ठेवून त्या उठल्या. साडेतीन वाजले होते. मी देवाचं नाव घेत बसले. पोरीला पास कर म्हणायला जीभ रेटेना. मावशींना झेपू दे, एवढंच मागितलं.

पावणेचारला जिन्यावर त्यांची चप्पल वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी.

"वहीचे गुण चढलेत," त्या आत येऊन म्हणाल्या. "पेपरची बेरीजही सरांनी माझ्यासमोर पुन्हा केली. चौतीसच."

आणि पट्टी लावून त्यांनी नावावर लाल रेघ मारली. सरळ.

चार वाजता भाची खिडकीशी आली. पायात धावायचे बूट, नाड्या करकचून बांधलेल्या. यादी तिने वरून खाली वाचली, मग खालून वर.

"वर जाऊन आलीस?"

"आले."

"गुडघा?"

"आहे जागेवर."

तिने खिडकीच्या गजावरचा हात काढला. "घरातला बाम संपलाय. येताना आणते," म्हणाली आणि वळली.

मावशी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. "संध्याकाळी जेवेल ना गं ही?"

मी यादी उचलली आणि खेळाच्या सरांना नेऊन दिली.