मोठ्यांसाठीचं जिगसॉ

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी असूनही जमलं, असं आमच्या घरात आजही पाहुण्यांना सांगितलं जातं. हा धडधडीत अन्याय आहे.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जन्मभर मुख्याध्यापकी केलेला माणूस घरी बसला, की घराची शाळा होते. (आईला दोनदा वर्गाबाहेर उभं राहावं लागलं होतं.) "यांना कशात तरी गुंतव रे," आई म्हणाली. म्हणून मी पनवेलहून वाशीच्या मॉलमध्ये गेलो आणि जिगसॉ बघायला लागलो.

कार्टूनचे तुकडे जोडायला बाबा काय बालवाडीत होते? मी अभिजात कला मागितली. दुकानदाराने एक खोका काढला. युरोपातलं जुनं तैलचित्र: मखमली पडदा, फळांची परडी आणि दिवाणावर पहुडलेली एक बाई. बाईच्या अंगावर किमतीचं लेबल होतं, त्याखाली सवलतीचं. खोक्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 'मोठ्यांसाठी'. मला वाटलं, तुकडे बारीक असतील.

बाबा रंगले. जेवणाचं टेबल त्यांनी बळकावलं, आम्ही जमिनीवर जेवू लागलो. आधी कडा, मग पडदा, मग द्राक्षं. एका ताटात गुलाबीसर तुकड्यांचा ढीग उरला. "ही भिंत असणार," बाबा म्हणाले.

ती भिंत नव्हती. हे कळलं रविवारी सकाळी. दुपारी उरणहून वर्षाला बघायला पाहुणे यायचे होते.

"मोडा ते आधी," आई म्हणाली.

"मान मोडेपर्यंत बसलोय मी. मोडणार नाही."

"अहो, तुम्ही खोका नीट बघितला नव्हता का?" माझ्या बायकोने, मेधाने, मला विचारलं.

"लेबलाखालचं मला कसं दिसणार?"

शेवटी चित्रावर टेबलक्लॉथ अंथरला. पाहुणे आले, टेबलाभोवतीच बसले. मेधाने पोहे आणले. ओळखी व्हायच्या आतच मुलाच्या आईच्या हातून चहा कलंडला. आम्ही कोणी हलायच्या आत बाबा ओरडले, "माझी बाई भिजेल!" आणि त्यांनी बश्यांसकट टेबलक्लॉथ ओढला.

पोहे वर्षाच्या साडीवर गेले. बाई सुखरूप होती.

मुलगा छताकडे बघू लागला. त्याच्या आईने कपाळाला हात लावला. मुलाच्या वडिलांनी मात्र चष्मा पुसून पुन्हा घातला.

"हे कोणी आणलं?" त्यांनी विचारलं.

आई, बाबा, वर्षा आणि मेधा, चौघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं. आमच्या घरात एवढं एकमत मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"ही कला आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बाबा मदतीला धावले. "पडद्याच्या चुण्या बघा," ते म्हणाले. पडद्याकडे कोणीही बघत नव्हतं.

तेवढ्यात वर्षाला हसू आलं. ती साडीवरचे शेंगदाणे वेचत हसत सुटली, मग तो मुलगाही हसला, आणि दोघांचं तिथेच जमलं. माझ्यामुळेच, पण हे कोणी बोलत नाही.

निघताना त्याच्या वडिलांनी बाबांना दारात बाजूला घेतलं. "मुलगी पसंत आहे," ते आम्हाला आत ऐकू जाईल इतक्या हळूच म्हणाले. "फक्त तुमच्या मुलाचंही आता लांबवू नका. त्याचं वय झालंय."

मागे मेधा फुटक्या बश्या गोळा करत होती. तिने मान वर न करता मला विचारलं, "मग, मुलगी बघायला कधी जायचं?"