बाबांच्या सात विती

ताई एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. शेवटची चौदा वर्षं काम एकच: चादरींना इस्त्री करून घडी घालायची. कड कडेला भिडली नाही तर ती चादर पुन्हा उलगडायची, मग घडी कोणाच्याही हातची असो. तिथे तिला घडीबाई म्हणत. मी जन्मभर फिटरचं काम केलं, नेमकेपणा मला नवा नाही. तरी माझ्या बहिणीबरोबर एखादं काम करणं म्हणजे कर्मकठीण.

गेल्या वर्षी तिची भाड्याची जागा सुटली आणि ती मुलाकडे राहायला गेली. मुलगा भला, सूनही भली. पण घर त्यांचं. ताईचं भिंतीवरचं घड्याळ कपाटात गेलं, पेटी पलंगाखाली गेली. सहा महिन्यांत तिची एकही वस्तू त्या घरात चारचौघांना दिसेल अशा जागी लागली नव्हती. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. डिसेंबर लागला तेव्हा एवढंच म्हणाली, “रस्त्याकडच्या खिडकीत नाताळचा तारा मी लावीन. बाबा करायचे तसा. कामट्यांचा आणि कागदाचा.”

सुनेने प्लास्टिकचा लुकलुकणारा तारा आधीच आणून ठेवला होता. तिने सरळ सांगितलं, “आई, चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमचा झाला तर तुमचाच लावू. नाही झाला तर माझा आहेच. खिडकी रिकामी नको.” यात वावगं काही नव्हतं.

मग ताईने मला बोलावलं.

तारा करायला अवघड नाही. सारख्या लांबीच्या पाच कामट्या एकमेकींवर तिरक्या बांधल्या की पाच टोकांची चांदणी होते. अशा दोन करायच्या, टोकांना टोकं बांधायची, मध्ये पाच आखूड काड्या घालून पोट फुगवायचं, वरून कागद चिकटवायचा. कामटी जेवढी लांब तेवढाच तारा रुंद. म्हणून मी आधी टेप काढला. खिडकी साठ इंच. दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडले की छप्पन्न.

“टेप खिशात ठेव,” ताई म्हणाली. “बाबांची कामटी सात विती असायची. मोजताना मी पाहिलंय.”

“खिडकी इथे समोर आहे, ताई. बाबा कुठे आहेत?”

“तू विती घाल. मी मोजते.”

घातल्या. बांबू चिरला, दहा कामट्या तासल्या, कुसळ राहू नये म्हणून काचेच्या तुकड्याने घासल्या. अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सांगाडा बांधून खिडकीशी नेला तर तीन इंच जास्त. माझी वीत नऊ इंचांची. सात विती म्हणजे त्रेसष्ट. हे मी कामटी कापतानाच बोललो होतो.

“हातोडा मारून मारून तुझा पंजा फावड्याएवढा झालाय,” ताई म्हणाली. “त्याला कामटी काय करणार? आता माझी वीत घे.”

तिची वीत सात इंचांची. मी मोठा सांगाडा न सोडता गॅलरीत उभा केला. मोठ्याचा लहान करता येतो, लहानाचा मोठा होत नाही. नवा बांबू आणला. पुन्हा चिरणं, पुन्हा तासणं, पुन्हा गाठी. आणखी दोन दिवस.

या वेळी तारा खिडकीत सहज मावला. सून म्हणाली, “छान दिसतोय की. लावून टाका, मामा.”

ताई भिंतीपर्यंत मागे गेली, मान तिरकी करून बघितलं. “हा बाबांचा नाही. केवढासा आहे. सोड.”

“अगं, खिडकीत बसतोय ना?”

“बसायला खिडकीत कावळाही बसतो.”

सून तोंड फिरवून हसली. मला हसू आलं नाही. चार दिवस, दोन बांबू, वीस कामट्या, आणि हातात काय? मी हत्यारं पिशवीत टाकली आणि निघून आलो.

चोवीस तारखेला सकाळी मी घरी खळ शिजवली, डब्यात भरली आणि आठला तिच्या दारात हजर झालो. ठरवूनच गेलो होतो. लहान तर लहान, कागद लावायचा आणि टांगायचा. ती हो म्हणो की नाही म्हणो. मी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. पतंगाचा पांढरा कागद कापला. ताई खुर्चीत बसून बघत होती.

निम्मा कागद लागून झाला होता. पुढच्या तुकड्यावर मी चार बोटांनी खळ फिरवली तेव्हा ती वाकली.

“रेघा किती?”

“कसल्या रेघा?”

“तुझ्या बोटांच्या, खळीत. चार आहेत. बाबांच्या तीन असायच्या.”

मी हात वर घेतला. बाबा लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी माझ्या जन्माआधीच गेली होती. तो हात आम्हाला इतका सवयीचा की त्यात काही कमी आहे हे डोक्यातच राहिलं नाही. करंगळीच नाही तर ते वीत कशी घालणार? अंगठ्यापासून तिच्या शेजारच्या बोटापर्यंत.

“करंगळी दुमड,” ताई म्हणाली. “आता घाल वीत.”

आठ इंच. सात आठे छप्पन्न.

“पहिल्या दिवशी मी छप्पन्नच म्हणालो होतो,” मी म्हणालो.

“तेव्हा तो तुझ्या टेपचा आकडा होता. आता बाबांचा आहे. बसू नको, काप.”

मला तिला चार शब्द सुनावायचे होते. पण अकरा वाजत आले होते. गॅलरीतला मोठा सांगाडा सोडला, दहाही कामट्या सात-सात इंचांनी कापल्या, पुन्हा बांधायला घेतला. ताई जमिनीवर उतरली. सांधे दुखतात म्हणून ती वर्षभर जमिनीवर बसली नव्हती. एक गाठ बाहेरच्या बाजूला आली म्हणून तिने मला ती सोडायला लावली. मी सोडली. तिसऱ्या टोकाची सोडायला लावली, तीही सोडली. चार वाजता सून कामावरून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि न विचारता टोकं धरून बसली.

कागद मात्र पुरला नाही. निम्मा लहान ताऱ्याने खाल्ला होता आणि दुकान दुपारीच बंद झालं होतं. पुढची बाजू झाली. मागची उघडीच.

साडेपाचला टांगला. दोन्हीकडे दोन-दोन इंच. ताई आणि सून खाली रस्त्यावर जाऊन बघून आल्या.

“बाहेरून भरलेला दिसतो,” सून म्हणाली. “आम्ही घरातल्यांनी गाठी बघत बसायचं वाटतं?”

“बघा की,” ताई म्हणाली. “एकही गाठ सैल नाही.”

सुनेने प्लास्टिकच्या ताऱ्याचं खोकं उचललं, स्टूल ओढलं आणि माळ्यावर ठेवायला चढली. स्टूल मी धरलं.

“पुढच्या वर्षी कागद मी आणीन,” ती वरूनच म्हणाली. “तुम्ही दोघं भांडण तेवढं नोव्हेंबरात उरकून घ्या.”

“भांडण कसलं?” ताई म्हणाली. “यालाच कमी ऐकू येतं.”