कामणहून आलेला आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या हरेश्वरला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असतात, तर इथेही मी काहीतरी सफाईदार लिहिलं असतं — तेवढी अक्कल मला आहे.

मी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राहतो. आमच्या गच्चीवरून गास गावची शेतं दिसतात. नोकरी मुंबईत केली, आता निवृत्त आहे, आणि जन्मभराचा छंद एकच — हौशी रेडिओ. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि आपल्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं. मोबाइल असताना हे कशाला, असं सगळेच विचारतात. त्यातही मला वेड जुन्या जपानी सेटांचं. नावाजलेल्या कंपन्यांचे नव्हेत. चार-दोन वर्षं चालून बुडालेल्या छोट्या कंपन्यांचे, खांद्याला अडकवायचे, जेवणाच्या डब्याएवढे सेट. वसई-विरारमध्ये असे आम्ही सात-आठ वेडे. त्यांत मी जुना, म्हणून सगळे मला 'सर' म्हणतात. वासरांत लंगडी गाय शहाणी.

हरेश्वर कामणचा. घरची खाडीकाठची भातशेती, आणि नाक्यावर टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. परीक्षेची इंग्रजी पुस्तकं मी त्याला मराठीत समजावून दिली, दोन पावसाळे. पास झाला तेव्हा पेढे आधी माझ्याकडे आले, मग देवाकडे गेले. तो माझ्यापेक्षा हुशार आहे — हे मला तेव्हाच कळलं होतं का? कळलं होतं. बोललो कधी नाही.

कामणच्या एका गोदामात परदेशातलं भंगार आलं होतं. त्यात त्याला असा एक जपानी सेट मिळाला. मी तो फक्त फोटोत पाहिलेला. त्याने आधी मलाच आणून दिला. ऐकू यायचं त्यावर, पण बोललेलं बाहेर जात नव्हतं. तीन महिने मी तो खोलून बसलो होतो, आणि शेवटी सगळ्या मंडळींसमोर निकाल देऊन टाकला — हा मेलाय, याच्यातून आता कुणाचा आवाज बाहेर पडायचा नाही. हरेश्वर सेट घेऊन गेला आणि वर्षभर त्याच्या मागे लागला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. सेटवर बोलणाऱ्याला आपला आवाज पोचला की नाही, हे स्वतःला कळत नाही. ते पलीकडच्याने सांगायचं असतं — किती स्पष्ट, किती जोरात. आमच्यात तसा रिवाजच आहे, आणि तो निव्वळ विश्वासावर चालतो. त्या एवढ्याशा सेटचा आवाज पोचेल इतक्या अंतरात, त्याच्या जुन्या पट्ट्यावर ऐकू शकणारा सेट आमच्या मंडळींत फक्त माझ्याकडे होता.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. रविवार, सकाळचे नऊ. तो त्याच्या गच्चीवर, मी माझ्या. आणि — किती वेळ मी ताकाला जाऊन भांडं लपवणार? आवाज आला. पहिल्याच हाकेला आला. "सर, मी हरेश्वर बोलतोय, कामनवरनं. आज इथं ऊन हाय. आयकाला येतं का?" मागे कोंबडा आरवत होता, तोसुद्धा ऐकू आला. मी बटण दाबून 'येतं' म्हणायचं होतं, एवढंच. मी बटण दाबलं नाही. मिनिटभराने मोबाइल वाजला. "सर, आलं का काय?" मी म्हणालो, "नाही रे. नुसती खरखर."

तोंडून निसटून गेलं, असं म्हणायला बरं वाटतं. पण मी ते दुसऱ्या रविवारीही म्हणालो, आणि तिसऱ्याही. मध्ये विचार करायला आठवडे होते ना? मला मत्सर वाटला. मी मेला म्हणून सांगितलेला सेट माझ्याच शिष्याने उठवला होता, आणि तो उठलाय हे जगात फक्त मला माहीत होतं. तो म्हणत होता, सर, बोललं की सेटवरची सुई तर हलते. मी म्हणालो, सुई हलली म्हणजे आवाज बाहेर जातोच असं नाही. आवाज बाहेर सोडणाऱ्या त्या शेवटच्या कॉइली, तारेची वेटोळी, पुन्हा जुळवून बघ. हे चूक नाही, पुस्तकातही आहे. माझ्या खोट्याला टेकू द्यायला मी खरी विद्या वापरली — आणि ती त्याला मीच शिकवली होती.

त्या कॉइलींच्या आत जुळवणीसाठी फिरवायचा एक बारीक स्क्रू असतो, फेराइटचा, म्हणजे लोहभुकटी भाजून केलेला, जुना झाला की ठिसूळ होणारा. अचूक जुळलेल्या कॉइली तो माझ्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. चौथ्या आठवड्यात स्क्रू फुटला. त्याच्याशिवाय आवाज बाहेर जात नाही, आणि तसा दुसरा मिळत नाही. ती कंपनीच आता उरलेली नाही.

मग तो सेट पिशवीत घालून माझ्या घरी आला. "तुमी बोललेलं तेच खरं, सर. ह्यो नाय उठायचा. तुमच्याकडंच ठेवा. माजे हाताला येश नाय." बायकोने चहा केला. चहा पिताना तो माझीच माफी मागत होता — तुमचे तीन रविवार फुकट घालवले म्हणून. मी म्हणालो, असू दे. खरंच म्हणालो. आजही त्या 'असू दे'ची मला लाज वाटते, खोट्यापेक्षाही जास्त.

वर्षभरात त्याने दुकान बंद केलं. आताच्या काळात ते तसंही बंद पडलं असतं, असं मी स्वतःला सांगतो. असेलही. पण परवान्याची मुदत संपली तेव्हा तो त्याने पुन्हा काढला नाही, त्याला काळ काय करणार? सांगायला वेळ मिळाला नाही, असंही नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात, राजोडीला, मुलीचा बाप असूनही तो माझ्या शेजारी येऊन जेवायला बसला. ताटावरून उठेपर्यंत मी हवापाण्याचं बोलत राहिलो.

सेट माझ्या बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. येणारे-जाणारे त्याचे फोटो काढतात. गेल्या महिन्यात विरारचे दोघे जण आले होते, नवा परवाना काढलेले. हरेश्वर त्याच दिवशी घरची केळी द्यायला आला होता आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हा कधी चालला होता का? मी म्हणालो, नाही, कधीच नाही.

हरेश्वरने मान डोलावली. "सरांनी पयलंच सांगितलेलं," तो त्यांना म्हणाला, "मीच आयकलं नाय."