अक्का मागं बसली तेव्हा

अक्का गेली, असा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी भाताची पेज घेऊन बारामतीच्या एसटीत बसले होते. मांडीवरचा डबा अजून गरम होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात चाललाय का?" मी "व्हय" म्हणाले... आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

अलका माझी थोरली जाऊ. निमगाव केतकीला एकाच घरात आम्ही बावीस वर्षं काढली. मी तिला अक्का म्हणायचे, ती मला सुमे. दहावीनंतर शाळा सुटलेल्या अक्कानं पस्तिशीत गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, प्रशिक्षण घेतलं. सासूबाईंनी आठ दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. परक्या गोठ्यात बाईनं एकटीनं जायचं कसं, हा बाकीच्यांचा प्रश्न. मी म्हणाले, "मी जाते की संगं." मग रोज तिच्या स्कूटीवर मी मागं, आणि दोघींच्या मधे रेताच्या कांड्या थंड ठेवायची टाकी. पहिलं वर्षभर फारसं कुणी बोलवायचंच नाही.

लासुर्ण्याच्या एका तात्यांची गाय तीनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नव्हती. आम्हाला बघून ते म्हणाले, "घरात गडीमाणूस न्हाय का पाठवायला?" अक्का हातमोजा चढवत म्हणाली, "तात्या, गाय माझी वाट बघतीया. तुमी जरा बाजूला व्हा." गाय गाभण राहिली. व्यायल्यावर तात्या स्वतः खरवस घेऊन आमच्या दारात आले. सासूबाईंनी वाटीत पहिला तुकडा अक्काला वाढला.

मला वाटलं, माझं काम झालं. अक्काला तसं वाटत नव्हतं. एक दिवस तिनं प्रशिक्षणाचा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. माझे मालक म्हणाले, "एका घरात एक पुरे." अक्का ताटावरून न उठता म्हणाली, "भावजी, तुमी दोघं भाऊ शेती करताय. तितं एक पुरे म्हणलं का कुणी?"

मी चाळिशीत शिकले. सुरुवातीच्या गाई एकामागून एक उलटल्या. एका गोठ्यातून तर मालकिणीनं मला परत पाठवलं. मी उसाच्या बांधावर बसून रडले. अक्का शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "माझ्या किती उलटल्या, आठव की. तवा तू मागं बसलीस. आता गाडी तू चालव, मी बसते मागं." आणि ती बसली. स्वतःची कामं सकाळी लवकर उरकून, सहा महिने, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

आता लोक आपणहून फोन करतात. पण "ताई, दोघी येताय न्हवं?" असं अजून एखादा विचारतो. घरी आल्यावर आज काय झालं ते सांगायला कुणी नसतं. मालक ऐकतात, पण त्यांना त्यातलं काही कळत नाही.

गेल्या आठवड्यात एका वस्तीवर गेले. पहिलारू कालवड होती, पहिल्यांदाच भरवायची, थरथरत होती. काम उरकलं, हात धुतले. अशा वेळी अक्का जनावराच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायची. काय, ते मी कधी विचारलं नाही... राहूनच गेलं. त्या दिवशी मीही वाकले. कालवडीनं कान हलवला, ऐकत असल्यासारखा.

मी एवढंच म्हणाले, "अक्का न्हाय आता. मी हाय."