आठ दिवसांचं इंग्लंड

रोझमेरी तुस्कानोला माणसं चेहऱ्यापेक्षा पायांवरून लक्षात राहतात. वसईहून बहरीनला येऊन तिला एकवीस वर्षं झाली. त्यातली चौदा तिने मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमा धुण्यात आणि बांधण्यात घालवली. अस्करकडच्या कारखान्यांतली माणसं तिच्याकडे येतात. तापलेल्या जमिनीवर दिवसभर उभी राहतात आणि बधिर झालेली टाच भाजली तरी त्यांना कळत नाही. अवघड जखम असली की डॉक्टर आधी रोझमेरीकडे बघतात, मग जखमेकडे. हे तिला ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्याचं ती लपवत नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिने मनामातल्या एका विद्यापीठात नर्सिंगचं संध्याकाळचं एम.एस्सी. सुरू केलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी तिचं नाव इंग्लंडला पाठवलं. तिथल्या विद्यापीठात एक सत्र पाहुणी विद्यार्थिनी म्हणून राहायचं, ऑक्टोबर ते डिसेंबर, दहा आठवडे. पदवी इथलीच, पण तिथे केलेला अभ्यास इथे धरला जाणार होता. शिवाय आठवड्यातून दोन दिवस त्यांच्या क्लिनिकमध्ये फक्त पायांच्या जखमा. हॉस्पिटलने रजा दिली. राहिला घरचा होकार.

तिचा नवरा अँब्रोज एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट मॅनेजर आहे. चारशे माणसांचं जेवण तो घड्याळ लावून उठवतो. घरी मात्र चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते हे त्याने एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. विद्यापीठाचं पत्र वाचून तो जाऊ नको म्हणाला नाही. नको म्हणणारा नवरा परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा म्हणाला, "जा की. पण घर कसं चालणार?"

निकोल सोळा वर्षांची, रॉनी बाराचा. दोघं ममाकडे बघत बसली.

"चालवून बघू," रोझमेरी म्हणाली. "आठ दिवस मी इंग्लंडला. घर चाललं तर फॉर्म भरते. नाही चाललं तर विषय खलास."

तिने नियम स्वतःच्या हाताने लिहिले आणि कागद फ्रिजवर लावला. रात्री आठला एकदा व्हिडिओ कॉल. कुणी कुणाकडे जायचं नाही. घरात काही पाठवायचं नाही. फॉर्म पुढच्या रविवारी द्यायचा होता, म्हणजे शनिवारी निकाल. मग त्याच दिवशी, शनिवारी, ती निळी बॅग घेऊन सनदला मैत्रिणीच्या, प्रिसिलाच्या फ्लॅटवर राहायला गेली. त्यांच्या घरापासून, हमद टाउनच्या सतराव्या राउंडअबाउटपासून, हे इंग्लंड गाडीने वीस मिनिटांवर होतं.

प्रिसिला तिच्याच वॉर्डमधली, तिच्याच गावची, आणि जिभेने तिखट. पहिल्या संध्याकाळी तिने रोझमेरीच्या हातात पुस्तकं दिली आणि कांदे काढून घेतले. इंग्लंडात पाहुण्यांना कांदे चिरायला लावत नाहीत, म्हणाली.

सोमवारच्या कॉलमध्ये रॉनीचा शाळेचा शर्ट गुलाबी दिसला. मंगळवारी सगळ्यांच्या ताटात अंडी, बुधवारी पुन्हा अंडी. "वी आर फाइन, ममा," निकोल रोज तेवढंच सांगायची आणि फोन ठेवायची घाई करायची. बुधवारी रॉनी दोनदा खोकला. हजारो जखमा न डगमगता उघडणारी बाई त्या दोन खोकल्यांवर रात्रभर कूस बदलत राहिली.

गुरुवारी ड्युटी संपताच तिने प्रिसिलाच्या ओट्यावर बोंबलाचं कालवण टाकलं.

"कुणासाठी एवढं?" प्रिसिलाने विचारलं.

"आपल्यालाच."

"दोघींना सोळा बोंबील. बरं."

सहाच्या सुमाराला रोझमेरी हमद टाउनला पोचली. घराच्या दाराच्या मुठीला तिने स्टीलच्या डब्याची पिशवी अडकवली, तिच्यात खोकल्याचं औषध टाकलं आणि बेल न वाजवता खाली आली. वर दिवा दिसतो का बघायला तिने राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या.

आठच्या कॉलला डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. जेवलात काय, तिने विचारलं. "एग्ज," रॉनी म्हणाला. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, घरच्यांची गाठ पडू नये म्हणून ती चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेली, आणि पूर्ण मिस्सा तिच्या डोक्यात तो डबाच होता. शेजाऱ्यांनी नेला? मांजराने पाडला? विचारायची सोय नव्हती.

शनिवारी दुपारी ती घरी आली. एका पातेल्याचा तळ काळाठिक्कर झाला होता. फरशी चिकट होती. मसाल्याचे डबे सगळे हलवलेले. पण ओट्यावर भांडी धुऊन पालथी घातलेली होती, आणि फ्रिजवर तिच्या कागदाशेजारी अँब्रोजच्या अक्षरातला शिफ्टचा तक्ता होता: ओपनिंग निकोल, लाँड्री रॉनी, क्लोजिंग अँब्रोज. रॉनी खोकत नव्हता.

अँब्रोजने फ्रीझर उघडून तिचा डबा टेबलावर ठेवला. झाकणावर हॉटेलच्या किचनमध्ये लावतात तसं स्टिकर होतं. गुरुवार, संध्याकाळी सहा दहा. बाहेरून आलेलं. वापरू नये.

"आमच्याकडे बाहेरचं जेवण आत घेत नाहीत," तो म्हणाला.

निकोल हसू दाबत फ्रिजपाशी गेली आणि कागदावरच्या शेवटच्या नियमावर बोट ठेवून उभी राहिली.

"आम्ही पास," अँब्रोज म्हणाला. "नापास कोण, ते तूच सांग. पाच दिवस सांभाळलंस, सहाव्या दिवशी बोंबील घेऊन दारात. दहा आठवडे कशी राहणार आहेस?"

आता तो चेष्टा करत नव्हता, हे तिला समजलं. परीक्षा घराची आहे असं तीच म्हणाली होती. घर पातेलं जाळून का होईना चाललं होतं, आणि पाय मागे ओढला होता तो तिचा स्वतःचा. तिने स्टिकर पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसली आणि निळ्या बॅगेतून फॉर्म काढला.

"मी नापास," ती म्हणाली. "पण शिकायला कोणाला पाठवतात? पास झालेल्यांना?"

अँब्रोजने खिशातलं पेन काढून तिच्यासमोर ठेवलं.

तिने फॉर्म भरला. तातडीच्या वेळी कोणाला कळवावं, या रकान्यात महिन्याभरापूर्वी पेन्सिलने प्रिसिलाचं नाव लिहिलेलं होतं. ते खोडून तिने अँब्रोजचं घातलं आणि खाली सही केली. बोंबील गरम करायला निकोलने डबा उचलला. रोझमेरीला चहा हवा होता. ती ओट्यापाशी गेली, नेहमीचा डबा उघडला. त्यात साबुदाणा होता. दुसऱ्यात कडधान्य. हळदीचा डबा जुन्या जागी सरकवायला तिने हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"चहाची पत्ती कुठे ठेवलीस?" तिने विचारलं.

"वरच्या फळीवर, डावीकडे," अँब्रोज फॉर्म वाचता वाचता म्हणाला. "आणि झाल्यावर जागेवर ठेव."