अण्णांचे कान आणि माझा सराउंड साउंड

माझ्या वडिलांना मी आठ महिने बहिरं ठरवून ठेवलं होतं. हे कुठंतरी एकदा धडपणे सांगून टाकायला हवं, कारण ज्या संध्याकाळी ते चारचौघांत सांगायचं होतं, त्या संध्याकाळी माझं तोंड उघडलं नाही. एरवी माझं तोंड बंद व्हावं म्हणून लोकांना हात जोडावे लागतात.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, सोनईच्या अलीकडं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची तीस वर्षं साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये गेली. ऊस जिथं चिरडला जातो तिथं असा काही आवाज असतो, की शेजारचा माणूस बोंबलला तरी कळत नाही. तिथली माणसं हातानं बोलतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. अण्णा घरी जेवतानासुद्धा कधीकधी तोंड न उघडता नुसता अंगठा ओठाकडं नेऊन पाणी मागायचे. आई वैतागायची, कारखाना तिकडंच ठेवून येत जा म्हणायची.

पावसाळ्यात कारखाना बंद असतो, आणि तेव्हाच आमच्याकडं वर्षावास असतो. आम्ही बौद्ध. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी वस्तीतली माणसं विहारात जमतात, वंदना होते, एकजण ग्रंथ वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मग लोक प्रश्न विचारतात आणि वाचणाऱ्यानं जमेल तसं उत्तर द्यायचं असतं. आमच्या विहारात वाचणारे अण्णा. मी शाळेत होते तेव्हापासून तेच. दहावी शिकलेला माणूस, पण वाचायला लागला की बायका मांडीवरच्या पोरांना गप करायच्या. कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, आधी स्वतः पडताळून बघा, असा एक भाग त्यात दरवर्षी येतो. तो मला अण्णांच्याच आवाजात पाठ आहे. वर्षातले नऊ महिने अण्णा कुणीही असोत, त्या तीन महिन्यांत ते विहारातले वाचणारे असायचे. त्यांची सगळी ऐट तेवढ्यात होती.

आणि मी म्हणजे घरातली पहिली इंजिनिअर. घरात मला ताई म्हणतात. कसलाही वाद निघाला की शेवटी "ताईला विचारू" म्हणून मिटायचा. बोअरची मोटर, रेशनकार्ड, आईच्या शुगरच्या गोळ्या, काहीही. ओ की ठो कळत नसलं तरी मी पुण्यातून फोनवर ठणकावून उत्तर द्यायचे. मला त्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू.

मागच्या दिवाळीत मी शहाणपण पाजळलं. ऑफिसमधून निघालेला एक छोटा जुना कंप्युटर घरी नेला, त्यावर लिनक्स टाकलं आणि टीव्हीला जोडून दिला. आत शंभरेक मराठी-हिंदी पिच्चर भरले. घरातच थिएटर. विंडोज का नाही, लिनक्सच का, यावर मी अण्णांना अर्धा तास व्याख्यान दिलं आणि ते मान हलवत राहिले.

टीव्ही लावला तर चित्र झकास, आवाज मात्र शून्य. आवाज एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीत जायचा सोडून कंप्युटरच्या मागच्या, हेडफोनच्या भोकातून बाहेर पडत होता. हे नेहमीचं दुखणं आहे. सेटिंगमध्ये जाऊन मी एचडीएमआय निवडलं. तिथं दोन नावं होती: एक साधं स्टीरिओ आणि दुसरं सराउंड ५.१. आपल्या अण्णांना साधं कशाला? मी सराउंड निवडलं. तपासायला सहा बटणं आली, सहा स्पीकरांची. मी डावं दाबलं, आवाज आला. उजवं दाबलं, आवाज आला. झालं की काम. मधली-मागची बटणं दाबायचा मला कंटाळा आला, कारण आईनं करंज्यांचं ताट आणून ठेवलं होतं.

महिनाभरानं अण्णांचा फोन आला. गाणी चांगली ऐकू येतात, पण माणसं काय बोलतात ते ऐकू येत नाही, म्हणाले. मी म्हटलं आवाज वाढवा. वाढवला तर गाण्याला भिंती हलतात आणि बोलणं तसंच, म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी चिडले. मशीनला काही झालेलं नाही, मी स्वतः तपासलंय, असं सांगितलं. मग मी गूगलवर वाचलं, की वय झालं की आधी बोललेलं ऐकू येईनासं होतं आणि संगीत बराच काळ ऐकू येत राहतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीस वर्षं मिल हाऊस! आणखी काय पाहिजे? संक्रांतीच्या सुमाराला मी फोनवर जाहीर करून टाकलं, की अण्णा, दोष मशीनचा नाही, कान गेलेत तुमचे.

अण्णा "व्हय का" म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

आई म्हणाली, नुसत्या टीव्हीवरच्या बातम्या तर ऐकू येतात त्यांना. मी म्हटलं, बातम्यावाले किंचाळतात. आई म्हणाली, अगं, फोनवर तुझं ऐकू येतंच की. मी म्हटलं, फोन कानाला चिकटलेला असतो. शेवटी ती बिचारी म्हणाली, मलाबी न्हाई ऐकू येत पिच्चरमधलं. त्यावर मी काय बोलले? मी म्हटलं, तुझंही वय झालंय. माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आषाढ आला आणि आईनं फोनवर सहज सांगितलं, की यंदा अण्णा वाचणार नाहीत. त्यांनीच नको म्हटलं होतं. विहारात एक म्हातारी आजी आहे, ती दरवर्षी अगदी बारीक आवाजात काहीतरी विचारते. तिचा प्रश्न ऐकू आला नाही आणि भलतंच उत्तर दिलं तर लोकांत हसं होईल, असं त्यांना वाटायचं. वाचायचं काम त्यांनी शेजारच्या सुनेला दिलं होतं. ती अंगणवाडीत शिकवते. आषाढाच्या आधी पंधरा दिवस तिला ओट्यावर बसवून कुठं थांबायचं, कुठं दम घ्यायचा ते शिकवलं, आणि स्वतः विहारात मागं, चपलांजवळच्या भिंतीला टेकून बसायला लागले. मला वाईट वाटलं, पण वयाचं काय करणार, असं म्हणून मी मीटिंगला गेले.

भाद्रपदात मी दोन दिवसांसाठी घरी गेले. दुपारी जेवण झाल्यावर अण्णा टीव्हीपुढं बसले. आई लसूण सोलत होती. पिच्चर चालू होता आणि अण्णा आईला सांगत होते, आता ती म्हणतेय मी माहेरी जाते, तो म्हणतोय खुशाल जा. अण्णा ओठ वाचत होते. जिथं नट पाठ फिरवायचे तिथं मनानं काहीतरी बसवून देत होते. आई लसणाकडं बघत हसत होती. मला गंमत वाटली. दहाएक मिनिटं तशी गेली आणि मग माझ्या लक्षात आलं, की मलाही काही ऐकू येत नाहीये. पावसाचा आवाज घर भरून येत होता, व्हायोलिन येत होतं, आणि नटी तोंड उघडून रडत होती, तर विहिरीच्या तळातून आल्यासारखं कायतरी पुटपुटणं तेवढं येत होतं.

आधी मी आईवर घसरले, रिमोटचं काय दाबलंस म्हणून. मग टीव्हीला शिव्या घातल्या. मग कीबोर्ड ओढून सेटिंग उघडलं. सराउंड ५.१. सहा बटणं. डावं दाबलं, वाजलं. उजवं वाजलं. मधलं दाबलं.

काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

सहा स्पीकरांच्या मांडणीत माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरला पाठवतात, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. आमच्या टीव्हीला स्पीकर दोनच. कंप्युटर बिचारा दिवाळीपासून दहा महिने सगळ्यांचं बोलणं नसलेल्या स्पीकरला पाठवत बसला होता, कारण मी त्याला तसं सांगितलं होतं. मी स्टीरिओ निवडलं. खोलीत नटीचा आवाज असा खणखणीत आला, की आईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली.

"अगं बाई, बोलती की ही," आई म्हणाली.

अण्णा पुढं सरकून ऐकत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याकडं न बघताच म्हटलं, अण्णा, चूक माझी होती, तुमचे कान ठीक आहेत. तरी एकदा तपासून घेऊ.

"तपासले की," ते म्हणाले. "आषाढाच्या आधी नगरला गेल्तो. डॉक्टरनं खोलीत बसवून मशीन लावलं. म्हनला, काका, मिलमधी राहून एवढे कान शाबूत, नशीब हाय तुमचं."

माझा आवाज चढला. मग मला का नाही सांगितलं? मग वाचायचं का सोडलंत?

अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडगळ विचारतेय.

"पिच्चर तर ऐकू येत न्हवता. तू म्हनली, मशीन बराबर हाय. डॉक्टर चार मिंटं बघतो, ताई. तू त्यातलं शिकलेली हायेस. मी तुझं खरं धरलं."

डॉक्टरपेक्षा माझं खरं. स्वतःच्या कानांपेक्षा माझं खरं. त्यांच्या बापाला शाळेच्या दाराबाहेर बसवत, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. शिकलेल्या माणसाच्या शब्दावर आमच्या घरात कुणी संशय घेत नाही. त्या शब्दासाठी या लोकांनी पोटाला चिमटे काढलेत. आणि मी तो शब्द करंज्या गरम आहेत म्हणून दोन बटणं दाबून दिला होता. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नंतर बाहेर येऊन म्हटलं, आज संध्याकाळपासून तुम्हीच वाचायचं. अजून महिनाभर आहे.

ते नाही म्हणाले. पोरीचं वाचन आता बसलंय, सुरुवातीला थरथरायची, आता बायका तिला प्रश्न विचारायला लागल्यात, आता तिच्या हातातून ग्रंथ काढून घेणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी. ते म्हणाले, पुढच्या वर्षी ती आणखी चांगलं वाचेल. एवढं बोलून ते पिच्चरकडं वळले, कारण आता सगळं ऐकू येत होतं.

संध्याकाळी आम्ही तिघं विहारात निघालो. वाटेत मी मनात वाक्य जुळवलं. वंदना झाली की उभं राहायचं आणि सांगायचं, अण्णांचे कान कधीच गेले नव्हते, चूक माझी होती, मी न तपासता बोलले. तीनच गोष्टी. आत गेल्यावर अण्णा चपलांजवळच्या भिंतीकडं गेले नाहीत, सरळ पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले. वाचणारी पोरगी लगबगीनं उठून त्यांना जागा द्यायला लागली, तर त्यांनी हातानंच तिला बस म्हटलं, मिल हाऊसमधल्यासारखं. कुणीतरी विचारलं, आज पुढं कसे?

मी उठायला गेले, पण अण्णा माझ्या आधी बोलले.

"ताईनं कान नीट करून दिले," ते म्हणाले. "पुन्याहून आली अन् दुपारच्यात केले."

सगळी माणसं माझ्याकडं वळली. बायका कौतुकानं बघायला लागल्या. कुणी म्हणालं, शिक्षणाचा उपयोग होतो तो असा. आई पदराशी चाळा करत जमिनीकडं बघत होती. मी अर्धवट उठलेली होते. पाठ केलेल्या तीन गोष्टींतली एकही बाहेर आली नाही. मी पुन्हा खाली बसले.

मग ती बारीक आवाजात प्रश्न विचारणारी आजी गुडघे धरत उठली आणि माझ्याजवळ येऊन टेकली. तिनं डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि डावा कान माझ्यापुढं केला.

"माझा बी बघ की गं बाय," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा केला तसा."

मी अण्णांकडं बघितलं. ते ग्रंथाकडं बघत होते. आजी कान पुढं करून थांबली होती. सगळी वस्ती बघत होती, म्हणून मी खाली वाकले आणि तिच्या कानात बघितलं.