वामनचं तोंड आणि आमचं बाकडं

राळेगावच्या बाजारात पानठेल्यासमोर आमचं एक बाकडं आहे. बाकड्याखाली खर्र्याच्या रिकाम्या पन्न्या साचतात आणि वर किस्से. पन्न्या ठेलेवाला झाडून काढतो. किस्से कोण झाडणार? त्यात एखाद्या म्हाताऱ्यानं 'मी आता बदलतो' म्हटलं, का ढीगच लागतो.

आम्ही तिघं. मी चौथी शिकलेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून म्हातारा झालेला. लालसिंग तांड्यावरचा शेतकरी. आणि वामन, एसटीचा रिटायर कंडक्टर.

पहिला बदलला लालसिंग. शुगर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, सकाळी फिरा. गडी तांड्यापासून बाकड्यापर्यंत पायी यायला लागला. इथं गोड चहा, सोबत आलुबोंडा, आणि जाताना कोणाच्या तरी गाडीवर मागं बसून घरी. पोट वाढलं. डॉक्टरले जाऊन म्हणे, "साहेब, तुमचं फिरणं मले सूट नाही होऊन राह्यलं."

वामनचं तसं नव्हतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, का झाला खर्रा. नोकरीभर वामननं तो गालात धरला. मग हळूहळू तोंडच उघडेना. एकदा बाजारात त्याच्या नातीनं, परीनं, पाणीपुरी त्याच्या तोंडाशी नेली. आमच्याकडे पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. ती आत जाईना. पोरीनं मग फोडून तुकडे भरवले, पाणी सगळं त्याच्या शर्टावर. त्या दिवशी वामन बाकड्यावर मुका बसला. जन्मभर "पुढं सरका, पुढं सरका" करणारा माणूस.

डॉक्टर म्हणाला, तीन बोटं उभी तोंडात गेली पाहिजेत. वामनचं एक गेलं, दुसरं अडकलं.

"खर्रा सोडा, नाहीतर नळीनं जेवाल."

वामन म्हणे, "साहेब, तुमची बोटं बारीक हायेत. तुमची घालून पाहा."

डॉक्टरनं नाही घातली.

वामननं खर्रा सोडला, पण आम्हाला सांगितलं नाही. तिथं घोळ झाला. आमचा रिवाज असा, की खर्रा कोणी एकट्यानं खात नाही. घोटला का पन्नी फिरते, ज्यानं त्यानं चिमूट घ्यायची. चिमूट नाकारली म्हणजे भांडण. सकाळी लालसिंगनं पन्नी पुढं केली आणि वामननं मान हलवली. लालसिंगचं तोंड उतरलं. संध्याकाळी बायकोला घेऊन वामनच्या घरी हजर.

"जय भीम, भाऊ. माह्यं काई चुकलं काय?"

"नाही बा."

"मंग काहून घेतला नाही?"

"सोडला ना मी."

"बनवू नको मले. माह्या पोराच्या लग्नात तुले जेवाले उशीर झाला, तेच ना?"

वामनच्या बायकोनं शपथ घेऊन सांगितलं, तसलं काही नाही. लालसिंगला बरं वाटलं. खिशातून पन्नी काढून म्हणे, "घे मंग. मिटलं."

वामननं पुन्हा मान हलवली. लालसिंगची बायको चहा न पिता उठली.

मला दुसऱ्या दिवशी दोघांनाही शिव्या घालाव्या लागल्या, तेव्हा मिटलं.

तोंडानं ऐकलं, पण वामनचे हात ऐकेनात. बाकड्यावर बसला का कोणाचाही खर्रा मागून घोटून द्यायचा. घोटावा तर वामननंच. सुनेनं पाहिलं.

"मामाजी, हे काय?"

"खात नाही वो, नुसता घोटतो."

तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी भाजलेले शेंगदाणे एका पन्नीत भरून त्याच्या खिशात घातले. वामन ती पन्नी मांडीवर घेऊन घोटतो, सालं सुटतात, फुंकर मारली का दाणे पांढरे. मग ती पन्नी फिरते आणि आम्ही चिमूट घेतो. लालसिंगनं पहिल्या दिवशी सवयीनं दाणे गालात धरले आणि थुंकले!

मधात वामन उमरखेडला एका लग्नाला गेलता. परत आला तो मान खाली घालून. "तिथं खाल्ला," म्हणे.

मी म्हटलं, "तुह्यासारखा नालायक म्या पाह्यला नाही. पोरीनं तुकडे भरवले ते विसरला काय बे?"

लालसिंग म्हणे, "राहू दे. येऊन सांगितलं ना त्यानं." आणि दाण्याची पन्नी वामनच्या मांडीवर ठेवली. "घोट."

तेव्हापासून लालसिंग स्वतःचा खर्रा ठेल्यामागं जाऊन खातो. एकटा. इतक्या वर्षांचा रिवाज त्यानं मोडला आणि वर मला म्हणतो, लघवीला गेलतो.

डॉक्टरनं वामनला दातांमधी कुल्फीच्या काड्या धरायला लावल्या. हळूहळू एक-एक काडी वाढवायची. त्या काड्या तोंडात घालून हा बाकड्यावर बसायचा. त्या दिवसांत आमच्यातली भांडणं फार कमी झाली.

मग परवा बाजारात परीनं त्याला हात धरून गुपचुपच्या गाडीवर नेलं. आम्ही मागं. गाडीवाल्यानं ढिगातून सगळ्यात लहान पुरी शोधली, पाणी भरलं, पोरीच्या हातात दिली. वामननं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पुरी दाताला लागली, थांबली, पोरीनं जरा दाबली आणि अख्खी आत गेली. गाल फुगला, डोळ्यांतून पाणी, पण शर्ट कोरडा. गाडीवाला दुसरी भरायला लागला. वामनचं तोंड उघडं ते उघडंच.

परी म्हणाली, "आबाजी, आता बंद करा ना."

मी लालसिंगकडे वळलो. तो आमच्याकडे पाठ करून उभा, उजव्या हाताची तीन बोटं तोंडाशी.

"काय करून राह्यला बे?"

"काई नाही," म्हणे. "दातात दाणा अडकला."